पडायला शिकवणाऱ्या मिस टिल्बरी

शुक्रवारी सकाळी करीमभाई दारात येऊन उभे राहिले तेव्हा मी मेथी निवडत बसले होते. करीमभाई रत्नागिरीकडचे. इथे दोह्यात रॉयसाहेब नावाच्या एका अमेरिकन इंजिनियरच्या गाडीवर त्यांनी पुष्कळ वर्षं ड्रायव्हरकी केली. शुक्रवारी नमाजाच्या आधी ते सहसा कुणाकडे जात नाहीत, म्हणून मी लगेच उठले. "आत या ना," म्हटलं, तर त्यांनी चपलाही काढल्या नाहीत. म्हणाले, "नको वैनी... मिसबाई गेल्या. रॉयसाहेबांचा काल आपिसात फोन आला व्हता, अमेरिकेतून."

माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो असा, "पडल्या का हो?"

"नाय वो. खुर्चीत बसल्या बसल्या झोप लागली, ती लागलीच," करीमभाई म्हणाले, आणि मग आम्ही दोघंही एकमेकांकडे बघून चक्क हसलो. मरणाची बातमी दारात उभी आणि आम्ही हसतोय... समोरच्या बिऱ्हाडातल्या बाईंनी पाहिलं असतं तर आम्हाला वेड लागलं असंच त्या समजल्या असत्या. पण मिस टिल्बरींना ओळखणाऱ्या माणसाला ते हसू कळेल. त्या बाईंनी आयुष्यभर पडण्याचाच धंदा केला होता. हजारो माणसांसमोर, दिव्यांच्या झगमगाटात, वाद्यांच्या तालावर त्या रोज पडत. आणि शेवटी गेल्या त्या न पडता.

त्याला आता दीड महिना झाला. तेव्हापासून मनात सारखं येतं आहे की हे कुठेतरी लिहून ठेवावं. मी काही लेखिका नव्हे. कराडला शिवणाचा कोर्स केला, लग्न झालं, आणि ह्यांच्या ड्राफ्ट्समनच्या नोकरीमागोमाग या वाळूत आले. मिस टिल्बरींबद्दल मला जे ठाऊक आहे तेही तुकड्यातुकड्यांनी कळलेलं, कधी फ्रॉकची टीप उसवताना, कधी चहाच्या कपावर. त्या सांगत त्यातलं इंग्रजी मला सुरुवातीला निम्मंच कळे. उरलेलं मी त्यांच्या हातवाऱ्यांवरून समजून घ्यायची, आणि त्यांचे हातवारे फार बोलके होते.

आम्ही तेव्हा जुन्या दोह्यात, मुशैरिबमध्ये एका कापडदुकानावरच्या दोन खोल्यांत राहत होतो. इथे तेव्हा मराठी कुटुंबं अगदी थोडी. बहुतेक माणसं एकेकटीच आलेली, एका खोलीत सहा-सहा जण. त्यामुळे शिवणकाम करणारी बाई म्हटल्यावर माझं नाव चटकन पसरलं. एका दुपारी करीमभाई जिन्यावरून हाक मारत आले, "वैनी, आमच्या साहेबांच्या आईला आणलंय. झगा सैल करायचा हाय." त्यांच्या मागोमाग कठड्याला हातही न लावता चढत आल्या त्या मिस टिल्बरी. पंचाहत्तरी उलटलेली, काटकुळी, ताठ, पांढरे केस मुलासारखे आखूड कापलेले. उभ्या राहिल्या की दोन्ही पावलं बाहेरच्या बाजूला वळलेली. मी "मॅडम" म्हणाले तर मान हलवून म्हणाल्या, "मिस टिल्बरी." मला नवल वाटलं. मुलगा चाळिशीचा आणि बाई मिस कशी? नंतर कळलं की लग्नानंतरचं नाव वेगळं होतं, पण पोस्टरवर छापलेलं नाव टिल्बरी. त्यांच्या मते माणसाचं खरं नाव तेच, जे त्याने कमावलं.

माप घेऊन झालं, त्या जायला निघाल्या, आणि दाराजवळच्या पायपुसण्यात त्यांचा बूट अडकला. मी किंचाळले. पण त्या पडल्या त्या अशा, की कापडाचा तागा हातातून सुटावा आणि घडी घडी उलगडत जमिनीवर पसरावा. आधी गुडघा, मग मांडी, मग खांदा, आणि शेवटी डोकं अलगद हातावर टेकलेलं. आवाज जवळजवळ नाहीच. मी धावले तर करीमभाई जागचे हललेसुद्धा नाहीत. म्हणाले, "काय नाय होत वैनी. त्या पडतात अशाच."

आणि तेवढ्यात खोलीच्या कोपऱ्यातून खळखळून हसण्याचा आवाज आला.

तिथे आमची मंजिरी बसली होती. तेव्हा साडेसहा वर्षांची. दोन वर्षांची असताना तापाचं निमित्त झालं आणि तिच्या डाव्या पायातलं बळ गेलं. मिरजेत करून घेतलेला लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर मांडीपासून बुटापर्यंत बांधलेला असे. उभी राहिली की गुडघ्यापाशी कडी लावायची, बसताना काढायची. ती कुणाच्या वाटेला जात नसे, आणि परक्या माणसासमोर हसणं तर मी कधी पाहिलंच नव्हतं. मिस टिल्बरींनी जमिनीवर पडल्या पडल्याच मान वळवून तिच्याकडे पाहिलं. ती नजर मला अजून आठवते. दुखलंखुपलं काही नाही, शरम नाही. दुकानदार पहिल्या गिऱ्हाइकाकडे बघतो तशी ती नजर होती. त्या उठल्या, झगा झटकला, दारापर्यंत मागे गेल्या, आणि पुन्हा पडल्या. या वेळी मुद्दाम.

मंजू हसून हसून आडवी झाली.

त्या दिवसापासून माझं कुतूहल जागं झालं ते कधी शमलंच नाही. झगा न्यायला त्या आल्या, मग दुसरा घेऊन आल्या, मग पडदे शिवायचे निघाले. मला वाटतं घरात त्यांना करमत नसावं. रॉयसाहेबांचं लग्न मोडलेलं, ते दिवसभर कामावर, आणि अल गराफाकडचा तो मोठा बंगला दिवसभर एअरकंडिशनरच्या घरघरीत मिटून बसलेला. मी मशीन चालवायची आणि त्या सांगायच्या.

वडील पिंपं बनवत, एका नदीकाठच्या गावात. पिंपाच्या लाकडी झाकणावर उभी राहून टाचांनी ताल धरायला त्या आपल्या आपणच शिकल्या. चौदाव्या वर्षी गावात फिरती नाटक मंडळी आली, तिच्याबरोबर निघून गेल्या. आई रडली का, असं मी विचारलं तर म्हणाल्या, "आईनेच पेटी भरून दिली. वडील रडले." मग आगगाड्या, थंडी, रोज नवं गाव. काही खाणावळींच्या दारावर नटांना खोली मिळणार नाही अशी पाटी असे. मी म्हटलं, आमच्याकडेही माझे आजोबा नाटकवाल्यांना ओसरीच्या पुढे येऊ देत नसत. आणि पूर्वी आमच्या नाटकांत बायकांची कामं पुरुषच करायचे, तीही अशी की बायकांनी त्यांच्यासारखं लुगडं नेसायला शिकावं. त्यांना हे भयंकर चमत्कारिक वाटलं. "मग बायका काय करायच्या?" "बघायच्या." "बघताना हसलेलं चालायचं?" हे आजीला विचारायला हवं होतं, पण ती तोवर राहिली नव्हती.

अठराव्या वर्षी त्या न्यूयॉर्कला पोहोचल्या. एका मोठ्या संगीत नाटकात नाचणाऱ्या मुलींची लांब रांग असे, त्या रांगेत अगदी शेवटची जागा त्यांना मिळाली. पहिल्याच प्रयोगात बुटाची टाच फळीच्या फटीत अडकली आणि त्या धाडकन आदळल्या. इतर मुली नाचत पुढे गेल्या आणि रंगमंचाच्या मधोमध या एकट्या, पालथ्या. ड्रम वाजवणारा एक खट्याळ माणूस होता, त्याने नेमक्या त्याच क्षणी झांज वाजवली. सगळं थिएटर हसत सुटलं. विंगेत गेल्यावर मॅनेजर म्हणाला, "सामान बांध." दुसऱ्या अंकानंतर तोच पुन्हा आला. लोक बाहेर त्याला विचारत होते, ती पडणारी मुलगी परत केव्हा येणार? तो म्हणाला, "उद्या पुन्हा पड."

"आणि हाच तर घोटाळा," मिस टिल्बरी म्हणाल्या. "चुकून पडणं कुणालाही येतं. उद्या पुन्हा, परवा पुन्हा, तसंच, त्याच जागी, झांजेबरोबर... ते कसं पडायचं?" दुसऱ्या दिवशी पडल्या तर मनगट मुरगळलं आणि कुणी हसलंही नाही. मग सर्कशीतून म्हातारपणी बाहेर पडलेला एक कसरतपटू त्यांनी शोधून काढला. तो एका तबेल्यात झोपायचा. त्याने त्यांना महिनाभर गवतावर नुसतं लोळायला लावलं आणि एकच गोष्ट सांगितली. जमिनीशी भांडू नकोस. माणूस पडताना हात ताठ करतो, मान आवळतो, जमिनीला "येऊ नको" म्हणतो. तिला म्हण, "आले."

पुढची दहा-बारा वर्षं त्या पडतच होत्या. जिन्यावरून, टेबलावरून, नायकाच्या मिठीतून. पोस्टरवरचं त्यांचं नाव तळाशी होतं ते हळूहळू वर सरकलं. त्यांच्याकडे एक फोटो होता. पिसांचा टोप, चमकीचा तोकडा झगा, आणि बाई हवेत, जमिनीपासून हातभर वर, चेहऱ्यावर निवांत आश्चर्य. ह्यांनी तो फोटो पाहिला आणि ड्राफ्ट्समनच्या नजरेने म्हणाले, "या कोनातून माणूस नीट खाली येणं शक्यच नाही."

मंजूची गोष्ट याच सुमाराला बिघडली. इंग्रजी शाळेत घातलं होतं. मी तिला वर्गापर्यंत सोडायची, आयाबाई मधल्या सुट्टीत हात धरायची. एकदा प्रार्थनेच्या वेळी रांगेत कुणाचा तरी धक्का लागला आणि ती पडली. लागलं काहीच नाही. पण कुणी उचलेपर्यंत ती तशीच पडून राहिली, आणि सगळी शाळा गोल करून बघत होती. दुसऱ्या दिवसापासून ती शाळेचा बूट चढवायलाच तयार होईना. रागावून झालं, चॉकलेट देऊन झालं. पलंगाच्या पायाला घट्ट धरून बसायची. डॉक्टर सांगत होते, चालली नाही तर चांगल्या पायातलंही बळ कमी होईल. आणि ती घरातल्या घरातही भिंत सोडेना.

मिस टिल्बरी पडद्याचं माप घेऊन आल्या तेव्हा त्यांनी हे पाहिलं. मला वाटलं हळहळतील. त्या म्हणाल्या, "तिला न पडता चालायला सगळ्यांनी शिकवलं. पडायला कुणी शिकवलं का?"

तर असं ठरलं, की आठवड्यातून दोन दुपारी करीमभाई आम्हा मायलेकींना बंगल्यावर न्यायचे. दिवाणखान्यातल्या खुर्च्या भिंतीला सरकवलेल्या, खाली जाड गालिचा. पहिल्या दिवशी नुसतं उताणं पडायचं आणि छताकडे बघायचं. दुसऱ्या दिवशी कुशीवर वळायचं. मग बसलेल्याचं लोळण, मग गुडघ्यावरून. कॅलिपरची कडी लावलेली असताना पाय वाकत नाही, तेव्हा अंग कुठे वळवायचं, हे त्यांनी स्वतःच्या पायाला दोन लाकडी पट्ट्या बांधून आधी करून पाहिलं. या वयात! मी खुर्चीच्या कडेला बसून श्वास रोखायची. त्या मात्र "यल्ला, मँजू!" म्हणजे चल, मंजू, असं ओरडायच्या, आणि तास संपला की टाळी वाजवून म्हणायच्या, "खलास!" अरबी त्यांना एवढीच येत होती, पण ती त्यांनी वाया घालवली नाही.

एक दिवस उभ्याने पडायचं होतं. मंजूने ऐन वेळी हात ताठ केला, गालिच्याच्या बाहेर गेली आणि हनुवटी फरशीवर आपटली. रक्त आलं. मी झेपावले.

"हात लावू नका तिला!" मिस टिल्बरी अशा गरजल्या की मी जागच्या जागी थबकले. मग माझाही तोल गेला. मी मराठीतच म्हणाले, "माझी पोर आहे ती, तुमच्या नाटकातली बाहुली नव्हे!" त्यांना शब्द कळले नाहीत, अर्थ कळला असावा. मी मंजूला कडेवर घेतलं आणि निघाले. करीमभाईंनी गाडीचं दार उघडून धरलं. मंजू मात्र रडत नव्हती. ती माझ्या खांद्यावरून मागे बघत होती.

घरी हे म्हणाले, "म्हातारीला विरंगुळा हवाय, म्हणून पोरीला धरलंय." मलाही ते पटलं. दोन-तीन आठवडे आम्ही गेलो नाही. करीमभाई ठरल्या दुपारी खाली येऊन हॉर्न वाजवायचे, मी खिडकीतून मान हलवायची, ते निघून जायचे.

मग एका सकाळी मी भाकरी थापत होते आणि आतल्या खोलीतून धप्प आवाज आला. मी उठणार तोच पुन्हा धप्प. दाराच्या फटीतून पाहिलं. मंजूने गाद्या जमिनीवर ओढल्या होत्या. ती भिंत सोडून मधोमध उभी राहिली, हात सैल सोडले, आणि गेली खाली, गुडघ्याकडून नव्हे, चांगल्या बाजूने, मांडी, खांदा, असं करत. क्षणभर छताकडे पाहिलं. मग कुशीवर वळली, कडी काढली, पलंगाची कड धरून उभी राहिली आणि कडी खट्कन लावली. आणि मग... मग तिने कपाटाला वाकून नमस्कार केला, नट करतात तसा, एक हात छातीशी. कपाटाने टाळ्या वाजवल्या असाव्यात, कारण तिने दुसरीकडे वळून पुन्हा एकदा केला.

भाकरी तव्यावर करपली तरी मी दारातच उभी.

पुढच्या वेळी हॉर्न वाजल्यावर आम्ही खाली उतरलो. बंगल्याचं दार मिस टिल्बरींनीच उघडलं. मी काय बोलायचं ते इंग्रजीत जुळवून नेलं होतं, पण त्यांनी बोलूच दिलं नाही. घड्याळाकडे बघून म्हणाल्या, "उशीर झाला," आणि मंजूला आत घेऊन गेल्या.

त्या दिवशी तास संपल्यावर मंजू करीमभाईंबरोबर अंगणातलं मांजर बघायला गेली, आणि मी इतके दिवस मनात असलेलं विचारलं. एवढं नाव झालं होतं, मग सोडलं का? त्या चहात साखर ढवळत राहिल्या. मग म्हणाल्या, "कारण मला एकदा उभं राहायचं होतं."

त्यांच्यासाठी म्हणून एक नवं नाटक लिहिलं गेलं होतं. या वेळी पोस्टरवर सर्वांत वर त्यांचंच नाव. त्यांनी अट घातली होती की या नाटकात मी पडणार नाही. शेवटच्या प्रवेशात नायिका खिडकीशी उभी राहून एक गाणं म्हणते, नाच नाही, काही नाही, नुसती उभी. त्या गाण्यासाठी त्यांनी वर्षभर गळा तयार केला. पहिल्या प्रयोगाला थिएटर भरलं. त्या जिन्याजवळ गेल्या आणि लोक खुसखुसू लागले. टेबलाजवळ गेल्या, पुन्हा. सगळे वाट बघत होते, आता पडेल, आता पडेल. शेवटी खिडकीशी उभ्या राहिल्या, गाणं सुरू केलं, आणि गाणं संपेपर्यंत लोक हसत होते. निर्माता आत येऊन विनवू लागला, उद्या फक्त एकदा पड, तिसऱ्या अंकात, नाटक वाचेल. त्या पडल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. आठवड्याभरात नाटक बंद झालं.

"बरोबर केलंत तुम्ही," मी म्हणाले.

"तसं नाही," त्या म्हणाल्या. "त्या नाटकात पुष्कळ माणसं होती. नाचणाऱ्या मुली, वाजवणारे, शिवणाऱ्या बायका... तुझ्यासारख्या. सगळ्यांचं काम गेलं. मी पन्नास वर्षं विचार करते आहे. काही दिवस वाटतं, बरोबर केलं. काही दिवस वाटतं, एकदा पडले असते तर काय बिघडलं असतं?" मग हसल्या. "आज कुठला दिवस आहे ते अजून ठरलं नाही."

त्यानंतर त्यांना मोठं काम मिळालं नाही. लहानसहान गावांतून काही वर्षं पुन्हा पडल्या, मग तेलविहिरी खणणाऱ्या एका माणसाशी लग्न केलं, आणि पुढे मुलींना नाच शिकवून रॉयसाहेबांना वाढवलं.

मंजू शाळेत परत गेली. पहिल्याच आठवड्यात पडली, उठली, वर्गात जाऊन बसली. आयाबाईंनीच मला येऊन सांगितलं, डोळे मोठे करून. पण खरी परीक्षा वर्षभराने आली. दिवाळीनंतर इथली मराठी मंडळी एका शाळेचा हॉल घेऊन स्नेहसंमेलन करत. मुलांचं नाटुकलं वसुधाताई बसवायच्या. फार प्रेमळ बाई. त्यांनी मंजूला पुढे खुर्चीवर बसून गाणं म्हणायला सांगितलं. मंजू म्हणाली, "नाही. मला लाडवांचं ताट घेऊन येणारी आचारीण व्हायचंय. आणि मी पडणार." वसुधाताई माझ्याकडे बघू लागल्या. मी मिस टिल्बरींकडे गेले आणि स्पष्ट म्हणाले, "लोक तिला हसतील."

"हसायलाच हवं."

"तसं नव्हे. तुम्हाला हसले ते तुमच्या पडण्याला. हिच्या पायाला हसतील. नाहीतर हसणारच नाहीत, कीव करतील. ते त्याहून वाईट."

त्या म्हणाल्या, "हे मी कधी केलेलं नाही. मला ठाऊक नाही. पण पडायचं ती म्हणते आहे, आपण नाही."

संमेलनाच्या दिवशी हॉल भरलेला. मिस टिल्बरी माझ्या शेजारी, मी मापाने शिवलेल्या निळ्या झग्यात. पलीकडे हे, हाताची घडी घालून. मंजू डोक्याला फडकं बांधून, दोन हातांत ताट धरून आत आली. कॅलिपरची खटखट हॉलभर ऐकू येत होती. मधोमध आली, एक क्षण थांबली, आणि पडली. ताट घरंगळत गेलं, लाडू चहूकडे.

कुणीच हसलं नाही. पुढच्या रांगेतल्या दोन बायका "अगंबाई" म्हणत उठल्या. मीही उठले असते, पण मिस टिल्बरींनी माझं मनगट असं धरलं की बोटांचे वळ उठले. रंगमंचावर मंजू निपचित. मग हळूच एक हात वर आला. त्या हातात एक अख्खा लाडू होता. तिने पडल्या पडल्याच तो नीट न्याहाळला, आणि खाल्ला. "मीठ जरा जास्त झालंय," म्हणाली.

तो हशा मी जन्मात विसरणार नाही. उठलेल्या बायका हसत खाली बसल्या. मागे उभी असलेली, खोल्याखोल्यांतून एकेकटी आलेली आमची गडीमाणसं तर एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होती. हसू ओसरायच्या आत ती कुशीवर वळली, कडी काढली, चूल म्हणून मांडलेल्या खोक्याचा आधार घेऊन उभी राहिली, कडी खट्कन लावली, आणि तो आवाज होताच टाळ्या पडल्या. जणू तीच झांज. ह्यांनी चष्मा काढला होता आणि तो पुसतच बसले होते.

मी रडत, हसत मिस टिल्बरींकडे पाहिलं. त्या हसत नव्हत्या. डोळे बारीक करून बघत होत्या. म्हणाल्या, "लाडू थोडा लवकर खाल्ला. अजून थांबायला हवं होतं."

त्या आणखी दोन-तीन वर्षं इथे होत्या. मग रॉयसाहेबांची नोकरी संपली. निघण्याच्या आदल्या दुपारी मी भेटायला गेले तेव्हा दिवाणखान्यात खोकी रचलेली, गालिचा गुंडाळून भिंतीला उभा केलेला. मी विचारलं, ते खिडकीतलं गाणं कसं होतं? त्या खिडकीशी गेल्या. बाहेर वारा वाळू उडवत होता. त्यांनी गाणं म्हटलं, पूर्ण, उभ्याने, हात दोन्ही बाजूंना सैल सोडून. आवाज फाटलेला होता आणि शब्द मला निम्मेच कळले. संपल्यावर मी टाळ्या वाजवल्या नाहीत, का कोण जाणे, हातच उचलले गेले नाहीत. त्या वळल्या आणि म्हणाल्या, "थँक यू." आजवर अनेकांनी मला थँक यू म्हटलं, पण नुसतं ऐकून घेतल्याबद्दलचं ते पहिलंच.

करीमभाई बातमी देऊन गेले, त्या संध्याकाळी मी मंजूला सांगितलं. ती आता सोळाची झाली. घरात आम्ही मराठीत बोलतो आणि ती इंग्रजीत उत्तरं देते, पण त्या दिवशी मराठीत म्हणाली, "त्यांच्याजवळ कुणी होतं का गं?" मी म्हटलं, शेजारच्या खोलीत रॉयसाहेब होते. तिने मान हलवली आणि गॅलरीत जाऊन बसली. यंदा ती कॉलेजसाठी पुण्याला जायची आहे. हॉस्टेलचे जिने, बसची चढउतर, सगळं एकटीने. ह्यांना रोज नवी काळजी सुचते. परवा ते म्हणाले, "आणि तिथे एकटी असताना काही झालं तर?" मंजू म्हणाली, "पपा, फार तर पडेन." ह्यांनी नकाशा काढायची पेन्सिल कानामागे खोचली आणि पुन्हा कामाला लागले.

मंजूची एक सवय आहे. घराबाहेर पडताना उंबऱ्यापाशी ती कॅलिपरची कडी काढते, खाली वाकते आणि दोन्ही तळवे जमिनीवर क्षणभर टेकवते. मग कडी लावून निघते. प्रयोगाच्या आधी विंगेत मिस टिल्बरी असं करत, आणि त्यांना ते तबेल्यातल्या त्या म्हाताऱ्याने शिकवलं होतं. गेल्या आठवड्यात समोरच्या बाईंनी ते पाहिलं. सातारच्या आहेत, नव्यानेच आल्यात. हात जोडून मला म्हणाल्या, "धरणीमातेला नमस्कार करून निघते हो पोर! परदेशात राहून केवढे संस्कार... कुणी लावले?"

"तिच्या बाईंनी," मी म्हटलं.

"कुठल्या हो बाई? आपल्याकडच्याच असणार."

मी "हो" म्हणाले. खाली रस्त्यावर मंजू गर्दीतून वाट काढत चालली होती, आणि कठड्यावरून वाकून आम्ही दोघी तिला बघत राहिलो.